काळ्या रानात वीट-मातीचं घर बांधायचंय: पाया, वीट, गिलावा (पलूस, जि. सांगली)

बांधकरी_पलूस

नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यात रानातच राहतं घर बांधायचं आहे. फक्त तळमजला, साधारण ८०० चौरस फूट. कॉलम-बीमचा सांगाडा उभारून आत ब्लॉक भरायचे, असं घर नको. गावच्या भट्टीची वीट आणि जवळची माती वापरून, भिंतींवर वजन घेणारं घर हवं आहे.

जागेची माहिती देतो. विहीर काढली तेव्हा वरचे नऊ फूट निव्वळ काळी माती लागली, खाली पिवळसर मुरूम. विहिरीतून निघालेला सातआठ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम बांधावर पडून आहे. कडेगावच्या माळावरची तांबडी माती पाहुण्यांकडून मिळू शकते, अंतर पंचवीस किलोमीटर. २०१९ च्या पुरात पाणी खालच्या बांधापर्यंत आलं होतं, घराच्या जागेत आलं नव्हतं. तिन्ही बाजूंना ऊस आहे, पाटानं पाणी दिलं जातं.

प्रश्न असे. काळ्या रानात भिंतींवर वजन घेणारं घर टिकतं का, पाया कसा घ्यायचा? इथं भट्टीवर सहा इंची वीट (९×६×४) सरसकट मिळते, तिच्यात रॅट-ट्रॅप पद्धतीची पोकळ भिंत होते का? आतल्या भिंती मातीच्या ब्लॉकच्या केल्या तर माती कुठली घ्यावी? आणि गवंडी म्हणतो सगळीकडे सिमेंटचा गिलावा मारून टाकू, ते बरोबर आहे का?

रचना_कराड

घर टिकतं, पण पाया नीट घेतला तरच. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भिंत मोडते ती तिच्या वजनानं नव्हे, या वर-खाली होण्यानं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली आणि दारं पावसाळ्यात घट्ट, उन्हाळ्यात सैल होऊ लागली, की खाली हेच चाललंय असं समजा. तुमच्याकडे तर तिन्ही बाजूंनी पाटाचं पाणी आहे. घराच्या उसाकडच्या बाजू वर्षभर ओल्या आणि चौथी कोरडी, हा फरक सगळ्यात वाईट.

नऊ फुटांवर मुरूम असेल तर सलग चर खणत तिथवर जाणं परवडणार नाही. अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत भोक पाडून ओतलेला, तळाशी फुगा असलेला काँक्रीटचा खांब, घ्या. १० ते १२ इंच व्यासाचं भोक, खोली बारा फुटांच्या आसपास, म्हणजे खालचा फुगा मुरमात बसेल. फुग्याचा व्यास भोकाच्या अडीचपट. ऑगर (भोक पाडायचं गिरमिट) हातानं फिरवता येतो, मोठी मशिनरी लागत नाही. पाइल प्रत्येक कोपऱ्यात, भिंती मिळतात तिथं, आणि मधल्या अंतरात साधारण सहा फुटांवर एक. नेमकी संख्या आणि सळई स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या, ती फोरमवर ठरवायची गोष्ट नाही. बागायती रानात भोकात पाणी उतरतं आणि फुग्याच्या कडा ढासळतात. म्हणून खणलं त्याच दिवशी सळई सोडून काँक्रीट भरायचं, भोक रात्रभर उघडं ठेवायचं नाही.

पाइलच्या डोक्यावरून प्लिंथ बीम, म्हणजे भिंती पेलणारा जोत्याचा काँक्रीट बीम, जाईल. या बीमच्या बुडाशी आणि मातीच्या मध्ये तीन इंच मोकळी जागा हवीच. गवंडी ती बुजवून टाकतात, कारण बीम जमिनीवर टेकवून ओतणं सोपं जातं. मग माती फुगली की बीमला खालून ढकलते आणि पाइलवर केलेला सगळा खर्च पाण्यात. बीमच्या बाहेरच्या अंगाला फरशीचे उभे तुकडे लावले की पोकळीत माती सरकत नाही.

दुसरी चूक याहूनही नेहमीची. जोत्यात भर म्हणून खणलेली काळी मातीच परत टाकतात. भिंती शाबूत राहतात आणि मधली फरशी फुगून वर येते. जोत्याच्या आतली वरची दीड-दोन फूट काळी माती काढा आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसानं ठोकून भरा. तुमचा बांधावरचा मुरूम इथंच कामाला येईल. वाळू भरू नका. काळ्या मातीच्या खड्ड्यातली वाळू म्हणजे पाण्याची टाकी, साठलेलं पाणी ती खालच्या मातीला पुरवत राहते. आयआयटी मुंबईत प्रा. कट्टी यांनी काळ्या मातीवर जे काम केलं त्याचं सारही असंच आहे: चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा, म्हणजे चांगल्या मुरमाचा, सुमारे मीटरभर दाबलेला थर खालच्या फुगण्याला आवर घालतो.

घराभोवती चार-पाच फूट रुंद, बाहेर उतार दिलेला पक्का पट्टा करा आणि उसाची सरी भिंतीपासून वीस फूट तरी लांब ठेवा. जोतं मात्र पुराकडे बघून ठरवा. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या वेळची तुमच्या बांधावरची खूण पातळी-नळीनं घराच्या जागेवर आणा आणि जोत्याचा माथा तिच्यापेक्षा किमान तीन फूट वर घ्या.

भट्टीची_वीट

विटेच्या प्रश्नाचं उत्तर देतो. सहा इंची विटेत रॅट-ट्रॅप होत नाही. गणित बघा. या पद्धतीत वीट उभ्या कडेवर ठेवतात, दोन विटा दर्शनी बाजूंना आणि एक आडवी दोघींना जोडणारी. भिंत नऊ इंच. वीट तीन इंच जाड असेल तर ३+३ गेले, मध्ये ३ इंच पोकळी. ९×६×४ ची वीट कडेवर ठेवली तर ४+४ झाले, उरला एक इंच. त्यात उष्णता अडत नाही, सळई जात नाही, सिमेंट-वाळूच्या मालाच्या ओघळानंच ती बुजते. तुम्हाला चार इंची वीट (९×४×३) सांगून घ्यावी लागेल. आपल्याकडच्या भट्ट्यांवर तिचे साचे असतात, पण आधी सांगावं लागतं.

मापाचा आणखी एक मुद्दा. विटेची रुंदी भरून सव्वाचार-साडेचार इंच असेल तरच बचत दिसते, कारण कडेवर ठेवल्यावर तीच थराची उंची होते. २३०×११०×७५ मिलिमीटरच्या विटेला साध्या नऊ इंची भिंतीत चौरस मीटरला ९८ विटा लागतात, रॅट-ट्रॅपमध्ये ७७. रुंदी १०० मिलिमीटरवर आली की बचत पंधरा टक्क्यांवर उतरते. तुमच्या घराची बाहेरची भिंत दारं-खिडक्या वजा करून सुमारे ९० चौरस मीटर धरली आणि त्यातली १२ चौरस मीटर भरीव (कोपरे, चौकटींच्या कडा, खिडकीखालचा थर, छपराखालचा थर) तर ७,२०० च्या आसपास विटा लागतील, साध्या भिंतीला ८,८००. फूट-तूट धरून साडेसात हजार सांगा. लोक पंचवीस टक्के बचत सांगतात ती भरीव भाग न धरता.

आता माती. कृष्णाकाठच्या पोयट्याची वीट चांगली होते, पण दोन गोष्टी बघून घ्या. पहिली चुनखडी. मातीतले चुनखडीचे खडे भट्टीत भाजून कळीचा चुना होतात, मग भिंतीत पाणी लागलं की तो चुना विझतो, फुगतो आणि विटेचा पापुद्रा उडवतो. वीट फोडून बघा, आत ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठे पांढरे ठिपके दिसले तर तो माल घेऊ नका. माती चाळून घेणं हाच खरा इलाज.

दुसरी गोष्ट म्हणजे लोणा. पलूस, वाळवा, मिरज भागात पाणी जास्त देऊन क्षारपड झालेली रानं आहेत आणि पीक येत नाही म्हणून तिथली माती विटेला दिली जाते. ती वीट दिसायला उत्तम, आवाजही खणखणीत, पण दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीवर पांढरी पूड येते आणि कडा झडायला लागतात. घरी तपासता येतं. ताटलीत इंचभर पाणी घ्या, शक्यतो पावसाचं, कारण बोअरच्या पाण्यातच क्षार असतात. वीट त्यात उभी करा, सगळं पाणी पिऊन सुकू द्या, पुन्हा तेवढंच पाणी घाला आणि पुन्हा सुकू द्या. पांढरा थर निम्म्याहून जास्त भागावर आला तर वीट परत.

बाकीच्या चाचण्या तुम्हाला माहीत असतील. नखानं ओरखडा उठू नये. चोवीस तास पाण्यात ठेवून वजन एक पंचमांशापेक्षा जास्त वाढू नये. चार फुटांवरून कठीण जमिनीवर पडली तर तुकडे होऊ नयेत. विटा भट्टीच्या मधल्या थरातल्या मागा. बाहेरच्या आणि वरच्या थरातल्या कच्च्या राहतात, जाळाजवळच्या वितळून खंगर होतात. खंगर वाकडी म्हणून भिंतीला चालत नाही, पण शोषखड्ड्याला तिच्यासारखी वीट नाही. खरेदी मार्च-एप्रिलमध्ये करा. पाऊस लागला की भट्ट्या बंद आणि दर वर.

रचना_कराड

वरच्यांनी वीट सांगितली, रॅट-ट्रॅप रचण्याबद्दल थोडं जोडतो. केरळात लॉरी बेकर यांनी ही पद्धत रुजवली, पण आपल्याकडच्या बहुतेक गवंड्यांचा तिच्यात हात बसलेला नसतो. पहिल्या दिवशी फक्त एक कोपरा पाच थर रचून घ्या, चुका तिथंच दिसतात. पहिला थर भरीव, आडव्या विटांचा. त्यानंतर कडेवरचे थर. माल पसरताना पोकळीवर तीन इंची लाकडी पट्टी आडवी ठेवायची, माल दोन्ही बाजूंना पसरायचा आणि पट्टी उचलून घ्यायची. पट्टी नसेल तर माल आत पडत राहतो आणि निम्मी पोकळी भरते. माल १:६ (सिमेंट:वाळू), घट्टसर. विटा बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवूनच वापरा, नाहीतर कडेवरची कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि सांधा धरत नाही.

विजेच्या नळ्या आधीच ठरवून पोकळीतून उभ्या सोडा. या भिंतीला नंतर खाचा मारता येत नाहीत, दर्शनी वीट तीनच इंच असते. कोपऱ्यातल्या पोकळीत १० किंवा १२ मिलिमीटरची एकेक उभी सळई पायापासून वरच्या पट्ट्यापर्यंत काँक्रीटमध्ये भरून घ्या आणि लिंटेलच्या, म्हणजे दार-खिडक्यांच्या माथ्याच्या, पातळीवर चारी भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवा. २०१६ च्या आयएस १८९३ संहितेच्या नकाशात तुमचा भाग भूकंप क्षेत्र ३ मध्ये होता, कोयनेचा परिसर ४ मध्ये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप लक्षात असलेल्या जिल्ह्यांत हा पट्टा वगळून पैसे वाचवू नयेत.

बाहेरून गिलावा करायची गरज नाही. दरजा (विटांमधले सांधे) अर्धा इंच खरवडून १:३ च्या मालानं भरा. चांगल्या विटेवर गिलावा मारणं म्हणजे वाचवलेले पैसे परत भिंतीला लावणं.

माणदेशी_गवंडी

आतल्या मातीच्या भिंतींचं सांगतो.

सगळ्यात आधी, काळी माती ब्लॉकला घेऊ नका. सिमेंट कितीही घाला, ती आकसतेच. कडेगावची तांबडी माती आणि तुमचा मुरूम मिसळून बघा. पंचवीस किलोमीटर वाहतूक थोड्या मातीला परवडते, सगळ्या घराला नाही, म्हणून फक्त आतल्या भिंतींना वापरा.

तपासणी अशी. वरची हातभर माती, म्हणजे मुळं आणि कुजकट असलेली, बाजूला काढायची. खालची चाळून काचेच्या बाटलीत एक तृतीयांश भरा, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून खळखळून हलवा. मिनिटभरात तळाला बसते ती वाळू, पुढच्या अर्ध्या तासात बसतो तो गाळ, दुसऱ्या दिवसापर्यंत वर बसते ती चिकण. ब्लॉकला वाळू-बारीक खडे साठ-पासष्ट टक्के आणि चिकण दहा-पंधरा टक्के हवी. चिकण जास्त असेल तर मुरमाची चाळ किंवा क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) वाढवा.

खात्रीची चाचणी म्हणजे पेटी. आतून ६० सेंटिमीटर लांब, ४ रुंद, ४ खोल लाकडी पेटी, आतून तेल लावलेली. ओली माती ठासून भरा आणि तीन दिवस उन्हात किंवा आठवडाभर सावलीत सुकवा. सगळे तुकडे एका टोकाला सरकवून फट मोजा. १५ मिलिमीटरच्या आत फट असेल तर १८ भाग मातीला १ भाग सिमेंट, ३० पर्यंत १६ ला १, ४५ पर्यंत १४ ला १, ६० पर्यंत १२ ला १. साठच्या वर गेली तर ती माती सोडून द्या. तुमचा पिवळा मुरूम हातात घेतल्यावर साबणासारखा लागत असेल तर ही चाचणी चुकवू नका, तसला मुरूमही फुगतो. आणि मग तो जोत्याच्या भरावालाही चालणार नाही.

ओल तपासायला गोळा करून छातीच्या उंचीवरून कठीण जमिनीवर टाका. चार-पाच तुकडे झाले तर ओल बरोबर. चपटा होऊन बसला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. सिमेंट घातलेली माती अर्ध्या-पाऊण तासात दाबून संपवायची. एका वेळी मोठा ढीग कालवून दुपारपर्यंत वापरत बसतात, त्यातले दुपारचे ब्लॉक हातानं कुस्करतात.

हातानं दाबायच्या मर्दिनी किंवा ऑरम यंत्रावर काम होतं. २३०×१९०×१०० मिलिमीटरचा ब्लॉक धरला तर चौरस मीटरला ३७ लागतात. आतल्या भिंती ४५ चौरस मीटरच्या असतील तर १,७०० ब्लॉक. सात टक्के सिमेंटनं एका पोत्यात ८५ ते ९० ब्लॉक होतात, म्हणजे वीस पोती. माती साडेतीन ते चार ब्रास. ब्लॉक सावलीत थप्पी लावून पहिले दोन दिवस प्लॅस्टिकखाली, मग एकवीस दिवस गोणपाट ओलं ठेवायचं. उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकलं तरी कडा पांढऱ्या पडून झडतात. रचायला माल १ सिमेंट, २ चाळलेली तांबडी माती, ६ वाळू. मातीमुळे माल लोण्यासारखा पसरतो आणि ब्लॉकला घट्ट धरतो.

पुराचा भाग आहे म्हणून आतल्या भिंतीचेही खालचे तीन फूट भाजक्या विटेचे घ्या, वर ब्लॉक.

बांधकरी_पलूस

एवढं तपशिलात सांगितल्याबद्दल सगळ्यांचे आभार. मुरूम खरंच थोडा साबणासारखा लागतोय, पेटी करून बघतो. गिलावा आणि छपराचं राहिलं. आटपाडीकडं जुनी माळवदं (मातीच्या सपाट छपराची घरं) बघितली, आत फार गार असतं. तसं करता येईल का?

माणदेशी_गवंडी

माळवद माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या पट्ट्याचं छप्पर आहे. पांढरी माती वरचेवर घालून दरवर्षी पावसाआधी डागडुजी करणारी माणसं घरात असतील तरच ते टिकतं. लोक डागडुजी म्हणून फक्त भर घालत जातात, जुनी माती काढत नाहीत, आणि थर दोन फुटांवर जातो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात माणसं दगावली ती असल्या जड छपरांखाली आणि मातीत रचलेल्या, आरपार दगड नसलेल्या जाड दगडी भिंतींत. माझं मत, नव्या घराला माळवद नको. जुनं असेल तर खाली लाकडी खांबांवर ते तोललेलं आहे ना बघा आणि माती सहा इंचांवर आणा.

रचना_कराड

सहमत. तुमच्यासाठी दोन पर्याय. मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर, वळचण भिंतीबाहेर किमान अडीच फूट. किंवा फिलर स्लॅब: स्लॅबच्या तळाच्या, ताण घेणाऱ्या भागात काँक्रीट फक्त सळई झाकायचं काम करतं, तिथं सळयांच्या चौकटीत कौलांच्या जोड्या बसवतात. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, उष्णता कमी उतरते. दोन कौलांमध्ये सळईभोवती काँक्रीट नीट उतरायला तीन-चार इंच पट्टा सोडा. कौलं आधी भिजवा. सळईची रचना इंजिनिअरकडूनच.

गिलाव्याबद्दल: मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारू नका. सिमेंटचा थर ताठ आणि बंद. माती ओलीबरोबर हलते, तो हलत नाही, म्हणून केसासारख्या भेगा पडतात. भेगेतून आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि मागची माती सैल होऊन गिलाव्याचा पत्राच सुटतो. तुमचे ब्लॉक सिमेंट घातलेले असल्यामुळे इतकं वाईट होणार नाही, पण गरजही नाही. आतून नुसत्या दरजा भरून ठेवले तरी चालतात.

गिलावा हवाच असेल तर मातीचा. एक घमेलं चिकण तांबडी माती, दोन घमेली बारीक वाळू, अर्धं घमेलं गव्हाचं भुस्कट, पाव घमेलं ताजं शेण. पाणी घालून आठ-दहा दिवस मुरवा, रोज तुडवा, वास आला की तयार. भिंतीवर आधी फूटभर चौकोनात तीन नमुने करा, वाळू दीडपट, दुप्पट, तिप्पट. सुकल्यावर भेगा पडल्या तर वाळू वाढवायची, तळहातानं पूड निघाली तर माती. भिंत ओली करून पहिला हात अर्धा इंच, तो पूर्ण सुकला की दुसरा पातळ हात बारीक चाळलेल्या मातीचा, भुस्कट न घालता. वरून विझवलेल्या चुन्याची सफेदी दोन-तीन हात. न्हाणीघर आणि ओट्यामागची भिंत यातून वगळा, तिथं वीट आणि सिमेंटच.

भट्टीची_वीट

एक राहिलं. तांबडी माती पाहुण्यांच्या रानातली असली तरी ट्रॅक्टरनं दुसऱ्या तालुक्यात आणताना ती गौण खनिज धरली जाते. आधी तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) चौकशी करून तहसीलची परवानगी घ्या आणि पावती ट्रॅक्टरबरोबर ठेवा. आणि माळावरची माती घेताना वरचा हातभर थर बाजूला ठेवून, खालची काढून, तोच थर परत पसरा. त्या माळावर गवत उगवायला हवं.

बांधकरी_पलूस

पेटीचा निकाल आला. नुसत्या मुरमाची फट ५२ मिलिमीटर. दोन भाग तांबडी माती, एक भाग मुरूम आणि एक भाग क्रश सँड घेतल्यावर २१. म्हणजे सोळाला एक, बरोबर?

माणदेशी_गवंडी

बरोबर. क्रश सँड धुतलेली घ्या, बारीक भुकटी जास्त असली की फट परत वाढते. तुमचा मुरूम जोत्यात घालू नका, भरावाला दुसरा आणा. त्याचीही पेटी भरून बघा.